कल्पित लिपी आणि निर्मितीचा अधिकार

कल्पित जगातील बहुतेक वस्तू पुस्तकाच्या पानावर केवळ वर्णनरूपाने असतात. कादंबरीतली तलवार कापत नाही आणि कादंबरीतल्या भाकरीने कोणाचे पोट भरत नाही. लेखकाने कल्पित भाषेसाठी घडवलेली लिपी याला अपवाद आहे. तलवारीचे चित्र म्हणजे तलवार नव्हे. अक्षराचे चित्र मात्र अक्षरच असते. ती लिपी पानावर छापली गेली आणि तिचे नियम कळले, की वाचक ती वाचू लागतो. जिथे ती जन्मली ते जग कधीच नव्हते, ही गोष्ट त्या वाचनाच्या आड येत नाही. इथे दोन प्रश्न उभे राहतात. एका माणसाने स्वतःच्या इच्छेने ठरवलेल्या चिन्हात खरा अर्थ असतो का? आणि असे चिन्ह, अशी भाषा, शेवटी असे जग घडवण्याचा अधिकार माणसाला आहे का, की ते ईश्वराच्या कामातले अतिक्रमण आहे? पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा धर्माचा. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) या इंग्रज लेखकाच्या लिप्यांत हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. त्यांची उत्तरे टॉल्किन यांनी व्याख्यानांतून आणि पत्रांतून दिली, पण त्याहून नेमकी उत्तरे त्यांच्या कथांत सापडतात.

लिपी माणसाने केली, हे मान्य करणे जुन्या जगाला सहज जमले नाही. ब्राह्मी लिपीचे नावच ब्रह्मदेवाशी जोडले गेले. जैन परंपरेनुसार ऋषभदेवांनी आपल्या ब्राह्मी नावाच्या कन्येला लिपी शिकवली. इजिप्तमध्ये लेखनाचे श्रेय थोथ या देवाला होते. ‘सेफेर येत्सिरा’ या प्राचीन यहुदी ग्रंथात तर ईश्वराने बावीस हिब्रू अक्षरे घेऊनच सृष्टी रचली असे मांडले आहे. म्हणजे अक्षरे जगाच्याही आधीची. या पार्श्वभूमीवर एखाद्या माणसाने बसून नवी अक्षरे आखणे ही साधी गोष्ट राहत नाही. ज्यांनी ती आखली त्यांपैकी अनेकांनी आपले कर्तेपण नाकारले आहे. बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या मठाध्यक्षेने एक अज्ञात भाषा आणि तिच्यासाठी तेवीस अक्षरे लिहून ठेवली. तिच्या बाकीच्या लेखनाप्रमाणे याही कामाकडे ती ईश्वरी प्रेरणा म्हणूनच पाहत होती. १५८० च्या दशकात जॉन डी या इंग्रज विद्वानाने एडवर्ड केली या सहकाऱ्याच्या मध्यस्थीने देवदूतांची भाषा आणि तिची लिपी मिळवल्याचा दावा केला. याउलट थॉमस मोर यांच्या १५१६ च्या ‘यूटोपिया’त त्या काल्पनिक बेटाची वर्णमाला छापली गेली, तिच्यामागे असा कोणताही दावा नव्हता. कथेसाठी केलेल्या लिपीचे ते युरोपातले एक आद्य उदाहरण आहे. पण मोर यांच्या मित्रमंडळाला तिच्यात पुढे काही करायचे नव्हते. एका चौपदीपुरती ती वापरली गेली आणि थांबली.

या इतिहासात कोरियाचा राजा सेजोंग वेगळा उठून दिसतो. १४४३ मध्ये त्याने लिपी पूर्ण केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली, तेव्हा ती दैवी असल्याचा आव आणला नाही. चिनी अक्षरे सामान्य प्रजेला जमत नाहीत, म्हणून ही सोपी अक्षरे केली, असे त्याने स्पष्ट सांगितले. या लिपीतील मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात, कंठ यांच्या ठेवणीवरून घेतले आहेत. मूळ तीन स्वर आकाश, पृथ्वी आणि मनुष्य यांची चिन्हे आहेत. ध्वनी आणि आकार यांत असे मुद्दाम नाते बांधणारी लिपी टॉल्किन यांच्या कामाला सर्वांत जवळची आहे, जरी दोघांचा हेतू अगदी भिन्न होता.

टॉल्किन व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ होते. १९२५ पासून ते ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्याआधी ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कामावर होते. आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईने कॅथलिक पंथ स्वीकारला. चार वर्षांनी ती वारली आणि एका कॅथलिक धर्मगुरूंनी या मुलाचे पालकत्व घेतले. भाषा घडवण्याचा नाद बालपणापासूनचा होता. त्याविषयी १९३१ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या नादाला चोरून जोपासलेले व्यसन म्हटले. पुढे १९५५ मध्ये त्यांनी एका पत्रात स्पष्ट केले की कथा आधी आणि भाषा नंतर असे झालेच नाही. भाषांना राहायला जग हवे होते म्हणून कथा आल्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे उलटे वाटते, पण परिशिष्टे पाहिली की पटते.

त्यांच्या मुख्य लिप्या तीन. पहिली ‘सराती’, कथेनुसार एल्फ या अमर जमातीतील रूमिल नावाच्या पंडिताची. टॉल्किन यांनी स्वतःची रोजनिशी काही काळ हिच्यात लिहिली. तिसरी ‘किर्थ’, दगड-लाकडावर कोरण्यासाठी केलेली कोनदार अक्षरे. कथेत ती डोरियाथ राज्यातील डायरोन या गायकाची आणि पुढे भूमिगत शहरे वसवणाऱ्या बुटक्यांनी आपलीशी केलेली. मधली, आणि सर्वांत विचारपूर्वक बांधलेली, ‘टेंगवार’. ती फेआनोर या एल्फने रचली असे कथेत सांगितले आहे.

टेंगवारची रचना थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक मुख्य अक्षर दोन अवयवांचे: एक उभा दंड आणि एक गोलाई. मुख्य अक्षरे चोवीस, चार स्तंभ आणि सहा ओळींत मांडलेली. स्तंभ उच्चारस्थानाचा: पहिला दंत्य, दुसरा ओष्ठ्य, पुढचे दोन वापरणाऱ्या भाषेनुसार तालव्य, कंठ्य किंवा ओठ गोल करून उच्चारलेले कंठ्य. ओळ उच्चाराच्या प्रकाराची. ‘त’ च्या अक्षराची गोलाई दुहेरी केली की घोष मिळून ‘द’ होतो. दंड वर उचलला की स्पर्श व्यंजन घर्षक होते. दंड आखूड केला की अनुनासिके आणि अर्धस्वर येतात. म्हणजे ‘प’ चे ‘ब’ कसे होते हे कळले, की ‘क’ चे ‘ग’ पाठ करावे लागत नाही. स्वर बहुधा व्यंजनाच्या वर लहान चिन्हांनी दाखवतात. टॉल्किन यांनी रचलेल्या क्वेन्या या एल्फ भाषेत ‘अ’ इतका वारंवार येतो की त्याचे चिन्ह पुष्कळदा गाळले जाते आणि नुसत्या व्यंजनातच तो वाचला जातो.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटणे साहजिक आहे. क-वर्ग ते प-वर्ग ही स्थानानुसार मांडणी, प्रत्येक वर्गात अघोष, घोष आणि अनुनासिक असा क्रम, मात्रा, आणि व्यंजनात गृहीत धरलेला अकार: टेंगवारमधले बरेच काही आपल्या वर्णमालेत आधीच आहे. शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये यांनी उच्चाराचे जे पृथक्करण केले, ते एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषाशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले. टॉल्किन त्याच परंपरेत शिकले. मात्र देवनागरी समोर ठेवून त्यांनी टेंगवार आखली असे मानायचे कारण नाही, आणि एक मोठा भेदही आहे. आपल्या वर्णमालेत मांडणी शास्त्रशुद्ध आहे, पण ‘त’ आणि ‘द’ यांच्या आकारात ते नाते दिसत नाही. टेंगवारमध्ये शास्त्र थेट रेषेत उतरले आहे. मराठी तिच्यात लिहायची तर ट-वर्गासाठी वेगळा स्तंभ काढावा लागेल, आणि घर्षकांची ओळ महाप्राणांना द्यावी लागेल. हे दोन बदल करायला लिपी अडवत नाही.

ती अडवत नाही याचे कारण परिशिष्टातच आहे. फेआनोरच्या कोणत्याही अक्षराला स्वतःचा ठरलेला ध्वनी नव्हता, असे टॉल्किन सांगतात. ठरलेले होते ते अक्षरांमधले परस्परसंबंध. ज्या भाषेसाठी ती वापरायची, तिच्या गरजेप्रमाणे ध्वनी बसवायचे. चिन्हाचे मूल्य चिन्हात नसून इतर चिन्हांशी असलेल्या नात्यात असते, हा विचार फर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये छापल्या गेलेल्या व्याख्यानांमुळे भाषाविज्ञानात रुजला. टॉल्किन यांनी तो सिद्धान्त म्हणून मांडला नाही, एका एल्फच्या हातून वापरात आणला.

पहिला प्रश्न आता नीट मांडता येतो. टेंगवारमधील अर्थ खरा आहे का? या प्रश्नावर भारतीय दर्शनांत फार सूक्ष्म वाद झालेला आहे, आणि तो इथे नेमका लागू पडतो. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक, म्हणजे जन्मजात आणि नित्य आहे. तो कोणी केलेला नाही, ईश्वरानेही नाही. हे मत स्वीकारले तर कल्पित भाषेला अर्थच उरत नाही. ती नित्य संबंधांची नक्कल करणारी निव्वळ ध्वनिरचना ठरते. नैयायिकांनी हे नाकारले. संबंध संकेताचा आहे, असे ते म्हणाले. या शब्दाने हा अर्थ समजला जावा, ही ईश्वराची इच्छा म्हणजेच शब्दाची शक्ती. मग माणसाने आज ठरवलेल्या शब्दाचे काय? सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी लिहिलेल्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त यावरची दोन मते नोंदली आहेत. सांप्रदायिक मत असे की आधुनिकांनी ठरवलेल्या संकेतात शक्ती नसते. नव्य नैयायिकांचे मत असे की शक्तीसाठी ईश्वराचीच इच्छा हवी असे नाही. इच्छा असणे पुरेसे आहे, म्हणून आजच्या माणसाने ठरवलेल्या शब्दातही शक्ती असतेच.

कल्पित भाषांची बाजू मांडायला नव्य नैयायिकांइतका भक्कम आधार दुसरा नाही. त्यांनी हा निर्णय काही कथांसाठी दिला नव्हता. नव्याने ठेवलेली नावे, शास्त्रातल्या संज्ञा असल्या रोजच्या गोष्टी त्यांच्या समोर होत्या. पण निष्कर्ष तोच निघतो. अर्थ येतो तो कोणीतरी तसे इच्छिल्यामुळे, आणि दुसऱ्याने ती इच्छा ओळखल्यामुळे. टॉल्किन यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या मताला दुजोरा देतो. एका चाहत्याने त्यांना पोलादी पेला भेट पाठवला. त्यावर कथेतील दुष्ट अंगठीवरचा मजकूर कोरलेला होता. टॉल्किन त्यातून कधी प्यायले नाहीत. त्यांनी तो तंबाखूची राख झाडायला वापरला. ती भाषा त्यांनीच केली होती, ती लिपी त्यांनीच आखली होती, आणि तो शाप कोणाला लागणार नाही हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही त्या अक्षरांनी जे म्हटले होते, ते म्हटलेच होते. अर्थ कल्पित वस्तूविषयीचा असेल, पण अर्थ म्हणून तो कल्पित नव्हता.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांनी दुसऱ्या बाजूचे जग रचले. ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) आणि तिच्या पुढच्या कादंबऱ्यांत सेगोय याने आद्य भाषेतले शब्द उच्चारून समुद्रातून बेटे वर काढली. त्या भाषेत वस्तूचे नाव आणि वस्तू यांत अंतर नाही, म्हणून माणसाला तिच्यात खोटे बोलता येत नाही. ड्रॅगनांना मात्र येते, कारण ती त्यांची मातृभाषा आहे. ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ (१९७१) मध्ये एरेथ-अकबेचे तुटलेले कडे आहे. त्यावरच्या नऊ चिन्हांपैकी शांततेचे चिन्ह नेमके मोडीवर पडल्याने दुभंगले, आणि म्हणून त्या बेटांवर शांतता नांदत नाही. चिन्ह जुळले तर राज्य जुळेल. मीमांसकांना हे जग परके वाटले नसते. पण या जगाला एक किंमत मोजावी लागते: तिथे लिपी शोधता येते, जपता येते, हरवता येते, नवी करता येत नाही. ज्या जगात चिन्हे नित्य आहेत, त्या जगातला जादूगार कितीही थोर असला तरी फेआनोर होऊ शकत नाही.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे जाता येते. नवे करता येते हे मान्य केले, तरी करावे का? ख्रिस्ती श्रद्धेत ‘शून्यातून निर्मिती’ हे केवळ ईश्वराचे काम आहे. संस्कृत साहित्यविचारात हा प्रश्न फारसा टोचत नाही. आनंदवर्धनांनी कवीला काव्यसंसाराचा प्रजापती म्हटले आणि मम्मटांनी कवीची सृष्टी नियतीच्या नियमांतून मुक्त मानली, तेव्हा त्यात कोणाला पाखंड दिसले नाही. पुराणकथेत मात्र विश्वामित्राच्या प्रतिसृष्टीची गोष्ट आहेच. त्रिशंकूसाठी त्याने दुसरे नक्षत्रमंडळ रचायला घेतले आणि देवांना मध्ये पडावे लागले. त्या गोष्टीत निर्मितीमागे स्पर्धा होती, रोष होता. टॉल्किन यांना निर्मिती आणि स्पर्धा यांची ताटातूट करायची होती.

१९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या परीकथांवरील व्याख्यानात त्यांनी उपसृष्टीची कल्पना मांडली. ईश्वराने केलेले जग ही प्राथमिक सृष्टी; माणूस तिच्यातील द्रव्य घेऊन, तिच्या आत, दुय्यम सृष्टी करतो. हिरवा सूर्य असे दोन शब्द जोडणे कोणालाही जमते; ज्या जगात हिरवा सूर्य खरा वाटेल असे जग उभारायला कष्ट, विचार आणि एक प्रकारचे कौशल्य लागते. वाचक तिथे अविश्वास बाजूला ठेवतो हे वर्णन त्यांना अपुरे वाटे. जग नीट जमले तर वाचक आत असेपर्यंत विश्वासच ठेवतो, आणि तो ठेवायला लावणारी गोष्ट म्हणजे त्या जगाची अंतर्गत सुसंगती. लिपी ही त्या सुसंगतीची सर्वांत कडक परीक्षा आहे. डोंगर किंवा राजवंश यांच्या वर्णनात लेखकाला धूसर राहता येते. अक्षरांच्या तक्त्यात एक घर चुकले तरी वाचक पकडतो. आणि अधिकाराविषयी त्यांचे म्हणणे असे: माणूस स्रष्ट्याच्या प्रतिमेत घडला आहे, म्हणून घडवणे हा त्याचा स्वभाव आणि हक्क आहे. हा हक्क त्याने वाईट वापरला तरी हक्क संपत नाही.

१९५४ मध्ये ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने त्यांना लिहिले की एल्फांच्या पुनर्जन्मासारख्या गोष्टी उपस्रष्ट्याच्या मर्यादेबाहेर जातात. ईश्वराने ज्या वाटा वापरल्याचे ज्ञात आहे त्यांच्यातच उपस्रष्ट्याने राहायला हवे. आक्षेप प्रामाणिक होता आणि टॉल्किन यांनी तो हलका मानला नाही. त्यांनी लिहिलेला उत्तराचा मसुदा लांबलचक आहे, आणि तो पाठवला गेला नाही. त्याचा गाभा असा की ज्ञात वाटांपासून मोकळे होणे हेच उपसृष्टीचे मूळ कार्य आहे; ईश्वराची संभाव्य विविधता किती अपार आहे याला वाहिलेली ती एक आदरांजली आहे. हे उत्तर धाडसी आहे. कल्पना म्हणजे सत्याचा अपलाप, या जुन्या संशयाला त्यात पूर्ण छेद दिला आहे.

पण टॉल्किन यांचे खरे उत्तर आउलेच्या कथेत आहे. ‘द सिल्मरिलियन’ (१९७७, मरणोत्तर, पुत्र ख्रिस्तोफर यांच्या संपादनाखाली) मध्ये आउले हा कारागिरीचा अधिपती आहे. इलूवतार या परमेश्वराने योजलेली माणसे आणि एल्फ अजून जागे व्हायचे आहेत. आउलेला शिष्य हवे आहेत आणि धीर नाही. तो डोंगराखालच्या दालनात चोरून बुटक्यांचे सात पूर्वज घडवतो आणि त्यांच्यासाठी स्वतः रचलेली भाषा त्यांना शिकवू लागतो. नेमक्या त्या क्षणी इलूवतारचा आवाज येतो. भाषा शिकवतानाच तो पकडला जावा, हे एका भाषा रचणाऱ्याने लिहिले आहे, आणि यात योगायोग मानणे कठीण आहे. इलूवतार त्याला दाखवून देतो की हे प्राणी त्याच्या इच्छेवाचून हलूही शकत नाहीत. आउलेची कैफियत अशी की बापाच्या कामाचा खेळ करणारे मूल थट्टा करत नसते. तो त्याचा मुलगा आहे म्हणून खेळतो. मग तो आपली निर्मिती परत देऊ करतो आणि रडत हातोडा उचलतो. ते पूर्वज घाबरून मागे सरतात. त्यांना स्वतःची इच्छा मिळाली आहे. इलूवतारने ती देणगी केव्हाच स्वीकारली आहे.

या कथेतून निकष मिळतो. निर्मिती पवित्र की पापमय हे तिच्या आकारावरून किंवा धाडसावरून ठरत नाही. ती हातातून सोडता येते की नाही यावरून ठरते. फेआनोरची शोकांतिका याच निकषावर उभी आहे. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. ऐन तारुण्यात रूमिलची अक्षरे सुधारून टेंगवार रचली. पुढे दोन प्रकाशवृक्षांचा उजेड कोंडून सिल्मरिल नावाची तीन रत्ने घडवली. मेल्कोर या दुष्ट शक्तीच्या कटात ते वृक्ष मारले गेले, आणि रत्ने फोडली तर वृक्ष वाचतील असे फेआनोरला सांगितले गेले. त्याने नकार दिला. रत्ने तोवर चोरीला गेलीच होती, पण ते त्याला ठाऊक नव्हते. नकार त्याचा स्वतःचा होता. पुढची शपथ, स्वजनांची कत्तल, युगभर चाललेली युद्धे, सगळे त्या नकारातून निघते. शेवटी एक रत्न आकाशात, एक समुद्रात, एक पृथ्वीच्या पोटातल्या आगीत जाते. ज्याच्यासाठी इतके रक्त सांडले त्यातले काहीच कोणाच्या हाती उरत नाही. अक्षरे मात्र उरतात. एल्फ, माणसे, हॉबिट नावाचे ठेंगणे लोक, सर्वांच्या हाती ती जातात, आणि फेआनोरने त्यासाठी कधी शपथ घेतल्याचे कुठे लिहिलेले नाही. टॉल्किन हा विरोध स्वतः बोलून दाखवत नाहीत. तरी तो त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत खोल आहे असे म्हणायला हरकत नाही: एकाच निर्मात्याची जी निर्मिती स्वभावतःच दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते ती तरली, आणि जी मुठीत धरता येते तिने त्याचा घात केला. रत्न एकट्याचे असू शकते. एकट्याची लिपी म्हणजे केवळ रेघोट्या.

दुष्टालाही या नियमातून सुटका नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील दुष्ट अधिपती सॉरॉनने आपल्या अंगठीवर बंधनाचा मंत्र कोरला तो आपल्या मॉर्डोर राज्याच्या काळ्या भाषेत, पण अक्षरे एल्फांची, कारण इतक्या नाजूक कामाजोगी लिपी मॉर्डोरमध्ये नव्हती. टॉल्किन यांच्या धर्मदृष्टीत पाप स्वतः काही निर्माण करू शकत नाही; ते केलेल्याला वाकवते. अंगठीवरची अक्षरे हे त्या सिद्धान्ताचे दृश्य रूप आहे. आणि परिणामही पाहण्यासारखा आहे. अंगठी थंड झाली की अक्षरे मावळतात, म्हणून अंगठी हाती आलेल्या इसिल्दुर राजाने ती दिसत होती तेवढ्यात उतरवून ठेवली. हजारो वर्षांनी गँडाल्फ या जादूगाराने मिनास तिरिथच्या ग्रंथागारात ती नोंद वाचली आणि हॉबिटच्या घरातली अंगठी ओळखली. सर्वांना बांधण्यासाठी कोरलेला मजकूर सर्वांना वाचता येणाऱ्या अक्षरांत होता, आणि त्यानेच धन्याचा ठाव दिला.

अमर एल्फांना लेखनाची गरज काय, असाही प्रश्न पडतो. प्लेटोच्या ‘फाय्‌द्रस’ संवादात थामुस राजा लेखनाच्या देवतेला बजावतो की या विद्येने स्मरण दुबळे होईल. सिल्मरिलियनमध्ये याचे उत्तर ओघात आलेल्या एका वाक्यात येऊन जाते: डोरियाथच्या एल्फांनी डायरोनची अक्षरे नोंदींसाठी फारशी वापरली नाहीत, स्मरणावर विसंबले, आणि राज्य बुडाले तेव्हा पुष्कळ काही कायमचे गेले. ज्याला मरण नाही त्यालाही मारले जाऊ शकते. मोरिया या बुटक्यांच्या भूमिगत शहरातील मझारबुलचे पुस्तक हे याचे दुसरे टोक: बुटक्यांची वसाहत शेवटच्या बुटक्यापर्यंत कापली गेली, पण फाटक्या पानांवर तिचा वृत्तान्त उरला. टॉल्किन यांनी ती पाने खरोखर तयार केली होती, कडा जाळून, डाग पाडून. १९५४ मध्ये खर्चामुळे ती पुस्तकात छापता आली नाहीत.

पुस्तकाबाहेर कल्पित आणि वास्तव लिपी यांतली सीमा आणखी पुसट होते. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओडिशातील मयूरभंज भागात संथाळी भाषेसाठी ओल चिकी लिपी रचली. आज ती पाठ्यपुस्तकांत आहे, युनिकोडमध्ये आहे. एका माणसाने रचली म्हणून तिच्यात कोणाला उणीव दिसत नाही. टेंगवार आणि किर्थ युनिकोडमध्ये घ्याव्यात असे प्रस्ताव १९९० च्या दशकापासून आहेत. त्या अजून तिथे नाहीत. फरक जन्माचा नाही. संथाळी समाज आपल्या लिपीत जगतो, एल्फ समाज अस्तित्वात नाही, आणि टेंगवारला लोक म्हणून मिळाले आहेत ते जगभर विखुरलेले वाचक.

सोरा आदिवासींची सोरांग सोंपेंग लिपी इथे विशेष विचारात घ्यायला हवी. १९३६ मध्ये मंगेई गोमांगो यांना ती दर्शनात मिळाली अशी श्रद्धा आहे, आणि त्या अक्षरांची पूजा होते. आधुनिक काळात, एका ज्ञात माणसाच्या हातून, आणि तरीही सापडलेली, केलेली नव्हे: श्रद्धावंत याकडे असेच पाहतो. संशयवादी याला भ्रम म्हणेल. पण जो अनुभव तो भ्रम म्हणून बाजूला सारतो, तो टॉल्किन यांनाही येत होता, आणि ते दर्शनाचा दावा करणारे गृहस्थ नव्हते. आपण हे रचतो आहोत असे वाटत नाही, कुठेतरी आधीच असलेले टिपून घेतो आहोत असे वाटते, असे त्यांनी आपल्या प्रकाशनाच्या प्रयत्नांत एका संपादकाला लिहिलेल्या दीर्घ पत्रात नोंदवले आहे. द लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या मुखपृष्ठामागील शीर्षकपानावर वर किर्थमध्ये आणि खाली टेंगवारमध्ये मजकूर आहे. दोन्हींची भाषा इंग्रजी. अक्षरे लावून वाचली तर त्यांत सांगितलेले निघते की हा ग्रंथ वेस्टमार्चच्या लाल पुस्तकातून जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांनी भाषांतरित केला आहे.